लिनक्स बसवताना लॅपटॉप गोठतो: दोष नेमका कुठे शोधावा?

कृष्णाकाठ (धागाकर्ती), शनिवार सकाळ

नमस्कार. माझ्या वडिलांचा लॅपटॉप २०१७ सालचा आहे. त्यात सातव्या पिढीचा आय-५ प्रोसेसर, १२ जीबी रॅम, २५६ जीबीची एसएसडी आणि इंटेलच्या अंगभूत ग्राफिक्सशिवाय आणखी एक स्वतंत्र ग्राफिक चिप आहे. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ ला किमान आठव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर लागतो. त्यामुळे यंत्र धडधाकट असूनही ते अडगळीत टाकण्याची वेळ आली होती. तसे करायचे नाही, असे मी ठरवले आणि लिनक्स मिंट २२ ही कार्यप्रणाली बसवायला घेतली.

पेनड्राइव्ह रुफस या साधनाने तयार केला. बूट मेनू दिसतो, त्यातील पहिला पर्याय निवडला की मिंटचे चिन्ह येते आणि तिथेच सगळे थांबते. मी अर्धा तास वाट पाहिली, शेवटी पॉवरचे बटण दाबून धरावे लागले. असे चार वेळा झाले. वडील निवृत्त शिक्षक आहेत आणि गेली काही वर्षे गावाचा इतिहास लिहीत आहेत. ते सगळे लेखन याच यंत्रावर आहे. त्याची एक प्रत मी गेल्या महिन्यात बाहेरच्या हार्डडिस्कवर काढून ठेवली आहे, तरीही घाईने काही करून बसू नये म्हणून इथे विचारते आहे.

टंकयंत्र, शनिवार दुपार

प्रत काढल्याशिवाय तुम्ही हात लावला नाही, हे फार चांगले केले. आता उपाय सुचवण्याआधी दोन गोष्टी विचारतो, कारण ‘लॅपटॉप गोठतो’ या एका वाक्यामागे निदान पाच-सहा वेगवेगळी कारणे असू शकतात आणि प्रत्येकाचा इलाज निराळा असतो.

पहिली गोष्ट म्हणजे, चिन्हावर अडकल्यावर कॅप्स लॉकची कळ दाबून तिचा दिवा पाहा. दिवा लागतो आणि विझतो आहे, तर लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल जिवंत आहे आणि फक्त पडदा गेला आहे. दिवा दाद देत नसेल, तर कर्नलच अडकला असण्याची शक्यता मोठी. दिवा आपोआप लुकलुकू लागला, तर कर्नलने स्वतः हात टेकले आहेत, ज्याला कर्नल पॅनिक म्हणतात.

दुसरी गोष्ट, बूट मेनूत पहिल्या ओळीवर असताना ‘ई’ ही कळ दाबा. पुढे येणाऱ्या मजकुरात ‘लिनक्स’ या शब्दाने सुरू होणारी लांब ओळ शोधा, तिच्यातील ‘क्वायट’ आणि ‘स्प्लॅश’ हे दोन शब्द पुसा आणि एफ१० दाबा. (मी इथे देवनागरीत लिहितो आहे, यंत्रावर अर्थातच रोमन लहान अक्षरे लागतील.) हे दोन शब्द चिन्हाचा पडदा ओढून मागची कामे झाकतात. ते काढले की कर्नल काय करतो आहे ते ओळीओळीने दिसते. शेवटच्या आठ-दहा ओळींचा मोबाइलवर फोटो काढा आणि त्यात काय लिहिले आहे ते इथे सांगा.

सह्यवारा, शनिवार संध्याकाळ

माझ्या जुन्या लॅपटॉपवर अगदी हेच होत होते. त्याच लांब ओळीच्या शेवटी ‘एसीपीआय=ऑफ’ लिहिले आणि लगेच सुरू झाले. एवढे चौकशीचे काम करण्याआधी तेवढे एकदा करून पाहा, असे मी सुचवेन.

टंकयंत्र, शनिवार रात्र

सह्यवारा, तुमचा अनुभव खरा आहे, तरीही हा सल्ला मी पहिल्या पायरीवर देणार नाही. एसीपीआय ही फर्मवेअर (यंत्रात मुळातच बसवलेले सॉफ्टवेअर) आणि कार्यप्रणाली यांच्यातील बोलण्याची पद्धत आहे. प्रोसेसरची केंद्रके (कोअर) मोजणे, बॅटरीची पातळी वाचणे, पंख्याचे नियंत्रण, झाकण मिटल्यावर झोपणे ही सगळी कामे तिच्यावर चालतात. ती बंद केली की यंत्र कधीकधी सुरू होते खरे, पण बहुधा एकाच केंद्रकावर रखडत चालते, बॅटरी दिसत नाही आणि तापमानाचे नियंत्रणही बिघडू शकते. शिवाय ‘सुरू झाले’ एवढ्यावर आपण थांबतो आणि मूळ दोष तसाच राहतो. ताईंनी कॅप्स लॉकचे उत्तर दिले की याहून नेमका उपाय सुचवता येईल.

कृष्णाकाठ, रविवार सकाळ

कॅप्स लॉकचा दिवा लागत नाही आणि विझतही नाही. ‘क्वायट’ व ‘स्प्लॅश’ पुसल्यावर ओळी भराभर सरकल्या आणि थांबल्या. शेवटच्या काही ओळींच्या आरंभी ‘नुव्हो’ असा शब्द आहे.

टंकयंत्र, रविवार सकाळ

आता दिशा मिळाली. नुव्हो हा एनव्हिडियाच्या ग्राफिक चिपसाठीचा मुक्त ड्रायव्हर, म्हणजे ती चिप चालवणारे सॉफ्टवेअर, आहे. तो बनवणाऱ्यांनी मोठा भाग चिपचे वर्तन बाहेरून अभ्यासून लिहिला. हे काम अतिशय चिकाटीचे आहे, पण इंटेल आणि एनव्हिडिया अशा दोन चिपा एकत्र असणाऱ्या लॅपटॉपवर, विशेषतः दुसरी चिप जागी करताना वा झोपवताना, तो काही यंत्रांवर अडकतो.

त्यासाठी त्याच ओळीत ‘नोमोडसेट’ हा एक शब्द लिहायचा असतो. त्याचा अर्थ असा, की पडद्याची मांडणी कर्नलने स्वतःच्या हाती घेऊ नये आणि फर्मवेअरने जी साधी चौकट उभी करून दिली आहे, तिच्यावरच काम भागवावे. मिंटच्या बूट मेनूतील ‘कंपॅटिबिलिटी मोड’ हा दुसरा पर्याय याच शब्दाचा आधार घेतो, त्यामुळे तुम्हाला काहीच टंकावे लागणार नाही. पडदा थोडा ओबडधोबड दिसेल आणि उजेड कमीजास्त करता येणार नाही. ते तात्पुरते आहे. मिंट बसल्यावर योग्य ड्रायव्हर घातला की या शब्दाची गरज उरत नाही.

कृष्णाकाठ, रविवार रात्र

कंपॅटिबिलिटी मोडने डेस्कटॉप दिसला. वाय-फाय चालला, आवाज चालला, वडिलांना मी बोलावून दाखवलेसुद्धा. मग ‘इन्स्टॉल’ सुरू केले. भाषा, कीबोर्ड, विंडोजचे विभाग तसेच ठेवून डिस्कची विभागणी सगळे पार पडले आणि फायली उतरवण्याची पट्टी निम्म्याच्या आसपास आल्यावर ती थांबली. माउसचा बाण हलत होता, पण खिडक्या दाद देत नव्हत्या. दुसऱ्या प्रयत्नात पट्टी पाव भागावरच थांबली. तिसऱ्यांदा जवळजवळ शेवटपर्यंत गेली आणि काहीतरी त्रुटी झाल्याची चौकट आली. काल वाटले होते की आता सुटले. आता पुन्हा तिथेच आले आहे.

मांडवी, सोमवार सकाळ

म्हापशाहून लिहितो. पहिला आणि दुसरा अडथळा एकच आहे, असे समजू नका. पहिला ग्राफिक्सचा होता आणि तो सुटला आहे. आता बाण हलतो आहे, म्हणजे कर्नल जिवंत आहे. अशा वेळी कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ या तीन कळा एकत्र दाबा. काळ्या पडद्यावर प्रवेश मिळाला की ‘सुडो डीमेसेज’ ही आज्ञा द्या आणि शेवटच्या ओळी वाचा. लाइव्ह पेनड्राइव्हवरून, म्हणजे काहीही न बसवता थेट पेनड्राइव्हवरून, यंत्र चालवताना सगळ्या नोंदी रॅममध्ये असतात, यंत्र बंद केले की त्या जातात, म्हणून बटण दाबण्याआधीच हे पाहायला हवे.

‘स्क्वॅशएफएस एरर’ असे दिसले, तर पेनड्राइव्हवरील दाबून बसवलेली फाइल नीट वाचता येत नाही, असा अर्थ घ्या. ‘एनव्हीएमई’ या शब्दापुढे कंट्रोलर बंद पडल्याचे लिहिले असेल, तर एसएसडीच्या वीजबचतीचा घोटाळा असू शकतो आणि त्याला वेगळा उपाय आहे. बाकी हार्डवेअर जुने असल्याने तळाची जाळी आणि पंखा धुळीने भरला आहे का, तेही एकदा पाहून घ्या. फायली उलगडताना प्रोसेसरवर सलग ताण येतो आणि तापून थांबणारी यंत्रे नेमकी तेव्हाच थांबतात.

कृष्णाकाठ, सोमवार रात्र

पंखा स्वच्छ आहे. नोंदीत ‘स्क्वॅशएफएस एरर’ च्या तीन ओळी सापडल्या. पेनड्राइव्ह बदलला, दुसऱ्या यूएसबी खाचेत लावला, तरीही तेच.

सह्यवारा, मंगळवार सकाळ

मग ज्या फाइलवरून पेनड्राइव्ह तयार केला, ती मूळ आयएसओ फाइलच उतरवताना बिघडली असेल. मिंटच्या संकेतस्थळावर प्रत्येक फाइलची एसएचए-२५६ बेरीज, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेली ओळखखूण, दिलेली असते. विंडोजमध्ये ‘सर्टयुटिल’ या आज्ञेने आपल्याकडील फाइलची बेरीज काढता येते. ६४ अक्षरांची ती माळ अक्षरनअक्षर जुळली पाहिजे. एक अक्षर जरी वेगळे आले तरी फाइल पुन्हा उतरवा.

कृष्णाकाठ, मंगळवार रात्र

बेरीज जुळली नाही. पुन्हा पावणेतीन जीबी उतरवले, तीही जुळली नाही, आणि दोन्ही बेरजा एकमेकींपेक्षाही वेगळ्या होत्या. कंटाळून यंत्र बंद केले. संध्याकाळी सुरू करून, काहीही न उतरवता, पहिल्याच जुन्या फाइलची बेरीज सहज पुन्हा काढली, तर ती संकेतस्थळावरील बेरजेशी तंतोतंत जुळली. फाइल तीच, डिस्क तीच, आज्ञा तीच. दोन्ही उत्तरे मी वहीत लिहून घेतली आहेत, त्यामुळे वाचण्यात चूक झालेली नाही. हे कसे शक्य आहे?

टंकयंत्र, मंगळवार रात्र

ताई, तुम्ही दोन्ही बेरजा लिहून ठेवल्या म्हणून हे सापडले. या धाग्यातील सर्वांत महत्त्वाची माहिती हीच आहे. एकाच फाइलची बेरीज दोनदा वेगळी येऊच शकत नाही, जोपर्यंत फाइल वाचण्याच्या वाटेवर कुणीतरी ती बदलत नाही. डिस्कवरून वाचलेली प्रत्येक गोष्ट आधी रॅममध्ये येते आणि बेरीज रॅममधील मजकुराची होते. रॅमच्या एखाद्या घरात शून्याच्या जागी एक होत असेल, तर त्या घरात जे येऊन बसेल ते बिघडेल. आज आयएसओ फाइलचा तुकडा तिथे बसला, म्हणून बेरीज चुकली. यंत्र पुन्हा सुरू केल्यावर तिथे दुसरेच काही बसले, म्हणून बेरीज जुळली. पट्टी दर वेळी वेगळ्या जागी का थांबत होती, याचेही उत्तर यातच आहे. पेनड्राइव्ह खराब असता तर ती साधारण त्याच त्या जागी अडली असती.

स्क्वॅशएफएसच्या ओळींवरून आपण सगळ्यांनी पेनड्राइव्हवर संशय घेतला आणि त्यात माझाही समावेश आहे. दाबलेली फाइल उलगडताना एक बिट जरी चुकला तरी हीच तक्रार दिसते, मग तो बिट पेनड्राइव्हवर चुकलेला असो की रॅममध्ये.

आता मेमटेस्ट८६+ हे रॅम तपासणारे साधन वेगळ्या पेनड्राइव्हवर घ्या. ऑक्टोबर २०२२ मधील सहाव्या आवृत्तीपासून ते यूईएफआय या नव्या पद्धतीच्या फर्मवेअरच्या यंत्रांवरही चालते. त्यासाठी सिक्युअर बूट (फक्त सही ओळखीची असलेलेच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) तात्पुरते बंद करावे लागू शकते. विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) चालू असेल, तर त्याची ४८ अंकी पुनर्प्राप्ती किल्ली आधी कागदावर उतरवून घ्या, कारण सिक्युअर बूट बदलल्यावर विंडोज ती मागू शकते. चाचणी रात्रभर चालू द्या. एकही चूक दाखवली तर रॅम नापास समजायची, ‘फक्त दोनच चुका आहेत’ असे म्हणून पुढे जायचे नाही. आणखी एक विचारतो, १२ जीबी ही रॅम मूळची की नंतर वाढवलेली?

कृष्णाकाठ, बुधवार सकाळ

बोर्डवर डकवलेली ४ जीबी मूळची. खाचेतील ८ जीबीची पट्टी दोन वर्षांपूर्वी एका दुकानातून बसवून घेतली होती. आता आठवते, की त्यानंतरच विंडोज मधूनमधून निळा पडदा दाखवून बंद पडू लागले होते. यंत्राचे वय झाले, असे आम्ही म्हणत राहिलो.

कृष्णाकाठ, गुरुवार सकाळ

रात्री साडेनऊला चाचणी सुरू केली. पहिली वीस मिनिटे चुकांचा आकडा शून्यावर होता आणि मला वाटू लागले होते की हाही अंदाज फसणार. मग एकदम ओळी येऊ लागल्या. प्रत्येक ओळीत पत्ता, अपेक्षित आकडा आणि सापडलेला आकडा असे तीन रकाने होते, आणि शेवटचे दोन एका अक्षराचा फरक सोडला तर अगदी सारखे. पत्ते सगळे सात जीबीच्या आसपासचे होते. सकाळी आकडा शंभराच्या वर गेलेला होता.

झाकण उघडून पट्टी काढली, तिचे सोनेरी संपर्क खोडरबराने हलक्या हाताने पुसले, पुन्हा घट्ट बसवली आणि चाचणी लावली. चुका त्याच पत्त्यांवर परत आल्या. पट्टी काढून केवळ ४ जीबीवर चाचणी केली, तर एक पूर्ण फेरी निर्दोष झाली.

सह्यवारा, गुरुवार दुपार

एक शंका विचारतो. खराब पत्ते माहीत झाले आहेत, तर ग्रबमध्ये, म्हणजे बूट मेनू दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, ‘बॅडरॅम’ नावाची सोय आहे, जिने तेवढा भाग वापरातून वगळता येतो. नवी पट्टी घेण्याचा खर्च वाचणार नाही का?

टंकयंत्र, गुरुवार दुपार

सोय आहे, आणि रॅम बोर्डवर डकवलेली असेल तर नाइलाजाने ती वापरावी लागते. पण इथे पट्टी निघते आहे. जिची काही घरे आज बिघडली, तिची शेजारची घरे उद्या बिघडणार नाहीत याची खात्री कुणी देऊ शकत नाही, आणि हे यंत्र कुणाच्या तरी अनेक वर्षांच्या लेखनाचे आहे. मी पट्टी बदलेन.

लेखनावरून एक गंभीर गोष्ट सांगायची राहिली आहे. ताई, तुम्ही गेल्या महिन्यात बाहेरच्या हार्डडिस्कवर काढलेली प्रत याच रॅममधून गेलेली आहे. नक्कल करताना फायली डिस्कवरून रॅममध्ये आणि रॅममधून दुसऱ्या डिस्कवर जातात, त्यामुळे त्या प्रतीत चुका असू शकतात आणि विंडोजने त्याबद्दल एका शब्दानेही कळवलेले नसेल. मिंट बसवताना विंडोजचे विभाग पुसण्याआधी मूळ आणि प्रत यांची तुलना करून घ्या. खराब पट्टी काढून, ४ जीबीवर लाइव्ह मिंट सुरू करा, दोन्ही डिस्क फक्त वाचण्यासाठी जोडा आणि ‘डिफ’ ही आज्ञा ‘आर’ आणि ‘क्यू’ या पर्यायांसह दोन्ही फोल्डरांवर चालवा. ज्या फायलींत फरक आहे त्यांचीच नावे ती दाखवते.

मांडवी, गुरुवार रात्र

टंकयंत्र यांनी सांगितलेले आधी करा, त्यात दिरंगाई नको.

या धाग्यावर पुढे कुणी वाचायला येईल म्हणून एक निराळे उदाहरण नोंदवतो. माझ्याकडे इंटेलच्या बे ट्रेल मालिकेतील सेलेरॉनचा छोटा लॅपटॉप होता. तो लिनक्स बसवताना कधीच अडला नाही, पण नंतर दिवसातून एक-दोनदा, तेही काम चालू नसताना, जागीच थिजत असे. रॅम, डिस्क, तापमान सगळे ठीक होते. त्या प्रोसेसरांची गाढ झोपेत जाण्याची अवस्था आणि कर्नल यांचे जुळत नव्हते. कर्नलच्या बगझिला या दोषांच्या नोंदवहीत १०९०५१ या क्रमांकाची त्याबद्दलची तक्रार २०१५ पासून प्रसिद्ध आहे. ‘इंटेल_आयडल.मॅक्स_सीस्टेट=१’ हा पर्याय लिहिल्यावर माझे यंत्र थांबायचे बंद झाले, बॅटरी मात्र लवकर संपू लागली. काम करताना गोठणे आणि रिकामे असताना गोठणे हा फरक म्हणूनच विचारावा लागतो.

कृष्णाकाठ, रविवार रात्र

सगळे पार पडले, ते क्रमाने लिहिते.

तुलना केली. एकूण अकरा हजारांहून थोड्या जास्त फायली होत्या आणि त्यांतील तीन फायलींत फरक निघाला. एक विहिरीच्या शिलालेखाचा फोटो, एक जुन्या सातबाऱ्याची स्कॅन केलेली प्रत आणि एक वडिलांच्या पुस्तकाचे सहावे प्रकरण. तिन्हींची लॅपटॉपवरील मूळ फाइल शाबूत होती आणि बाहेरची नक्कल बिघडलेली होती. ते प्रकरण नकलेतून उघडलेच नाही. आधी विभाग पुसले असते, तर ते पुन्हा लिहावे लागले असते. तिन्ही फायली पुन्हा उतरवल्या, परत तुलना केली, तेव्हा यादी रिकामी आली.

दुकानदारांना चाचणीचे फोटो आणि बिल दाखवले. त्यांनी वाद न घालता पट्टी बदलून दिली. नव्या पट्टीवर रात्रभर चाचणी लावली, चूक शून्य. त्यानंतर कंपॅटिबिलिटी मोडने मिंट बसवायला घेतले आणि फायली उतरवण्याची पट्टी एकदाही न अडखळता शेवटपर्यंत गेली.

पहिल्यांदा सुरू करताना नुव्होचा अडथळा होताच, म्हणून एस्केप दाबून ग्रब उघडले आणि त्या एका वेळेपुरते ‘नोमोडसेट’ लिहिले. ड्रायव्हर मॅनेजरने सुचवलेला एनव्हिडियाचा ड्रायव्हर घातला. सिक्युअर बूट मी पुन्हा चालू केले होते, म्हणून त्याने एक परवलीचा शब्द ठरवायला सांगितला आणि पुढच्या सुरुवातीला एक निळा पडदा आला. तो बिघाडाचा नसून नव्या ड्रायव्हरची सही यंत्राला ओळखून देण्याचा आहे, हे ठाऊक नसते तर मी घाबरून पुढे गेले असते आणि ड्रायव्हर लागलाच नसता. तिथे ‘एनरोल एमओके’ निवडून तो शब्द दिला. आता कोणताही जादा शब्द न लिहिता यंत्र सुरू होते, झाकण मिटले की झोपते आणि उघडले की जागे होते.

मराठी टंकण्यासाठी आयबस या टंकनसाधनात इनस्क्रिप्ट ही कळांची मांडणी घातली, कारण वडिलांची बोटे तिलाच सरावलेली आहेत. आज दुपारी त्यांनी सहावे प्रकरण उघडले, शेवटचा परिच्छेद वाचला आणि पुढचे वाक्य टंकायला घेतले.

टंकयंत्र, सोमवार सकाळ

फार बरे वाटले. एकच विनंती, ती जुनी हार्डडिस्क एकटी ठेवू नका. याच आठवड्यात दुसऱ्या एखाद्या डिस्कवर आणखी एक प्रत काढा आणि तिचीही तुलना करून ठेवा.

कृष्णाकाठ, सोमवार रात्र

काढली. यादी रिकामी आहे.